भरती-ओहोटीचं घड्याळ कुणाच्या हाती?

(किनारपट्टीवरच्या गावांतील बचतगट आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

सुरुवात माझ्या फजितीपासून करते. मी घाटावरची. रायगड जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यात आम्ही पहिली बैठक बोलावली तेव्हाची गोष्ट. विषय रेशनचा होता. वेळ सकाळी आठची ठरवली, घरोघर जाऊन सांगितलं, बायकांनी मान हलवली. आम्ही सतरंजी अंथरून बसलो. साडेआठ झाले, नऊ झाले. आली फक्त एक म्हातारी आजी आणि तिची नात. मी मनात म्हटलं, बायकांमध्ये जाणीवच नाही. आपण कार्यकर्त्या असं फार पटकन म्हणतो.

आजीने मला विचारलं, "आज तिथी कोणती गं बाय?" मला सांगता येईना. तीच म्हणाली, "पुनव होऊन तिसरा दिवस. सगळ्या खडपात गेल्यात. तुला बैठक घ्यायची तर अष्टमीला घे. तेव्हा भांग असतो, बायका घरात असतात."

पुढची बैठक अष्टमीला घेतली. बसायला जागा पुरली नाही.

त्या दिवशी मला कळलं की या गावात दोन घड्याळं आहेत. एक माझ्या मनगटावरचं. शाळा, रेशनचं दुकान, बँक, तलाठी त्याच्यावर चालतात. दुसरं समुद्राचं. बायकांची कमाई त्या दुसऱ्या घड्याळावर चालते आणि ते त्यांना तोंडपाठ असतं. आज मला या दुसऱ्या घड्याळाबद्दल बोलायचं आहे. कारण ते वाचता येणं हे ज्ञान आहे, आणि बाईकडे असलेल्या बाकीच्या ज्ञानासारखीच त्याचीही कुणी नोंद घेतलेली नाही.

आधी हिशेब समजून घेऊ. इथल्या बायकांना तो माहीतच आहे, पण बाहेरून आलेल्या माझ्यासारख्यांसाठी सांगते.

आपल्या किनाऱ्यावर दिवसाला साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. म्हणून जुनी माणसं साधं गणित करतात: तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. दिवसाची भरती तशीच रात्रीची. भरतीच्या पुढेमागे सहा तासांनी ओहोटी. हे मुंबई-रायगडकडचं गणित झालं. भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याकडे वेळ आधीची असते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतोच. पण घरात तिथी छापलेलं कॅलेंडर असलं की काम भागतं.

आता पाण्याचा जोर. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, पण ती चंद्राच्या ओढीत मिळते आणि उधाण येतं. भरती खूप चढते, ओहोटीही खूप उतरते. सगळ्यात मोठं उधाण बहुधा नेमकं त्या दिवशी नसतं, एक-दोन दिवसांनी, द्वितीया-तृतीयेला असतं. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, जोर कमी होतो. तो भांग. भांगात पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

डोलीच्या जाळ्याला उधाण हवं असतं. ते जाळं एका जागी रोवलेलं असतं आणि प्रवाहच मासळी त्यात आणून सोडतो. उधाणाला प्रवाहाला जोर असतो, म्हणून बोंबील, जवळा, मांदेली येते. भांगात पाणी सुस्त पडतं, मग जाळी शिवायची कामं निघतात. उलट, जी जाळी पाण्यात पसरून ठेवतात त्यांना काळोखी रात्र बरी, कारण चांदण्यात मासळीला जाळं दिसतं. कोण कधी समुद्रात जाणार हे असं चंद्रावर ठरतं.

पण ही झाली होडीवाल्यांची गोष्ट, आणि पुस्तकं, योजना, अर्ज इथेच थांबतात. होडीत बहुधा पुरुष असतो, म्हणून मच्छीमार म्हणजे पुरुष. बाई ‘मच्छीमाराची बायको’. फार तर ‘मासळी विक्रेती’.

मग खडपात जाते ती कोण?

उधाणाची ओहोटी लागली की एरवी पाण्याखाली असणारा खडक उघडा पडतो. कोयता आणि टोपली घेऊन बायका उतरतात. कालवं फोडतात, तिसऱ्या उकरतात, खुबे वेचतात, दगडाच्या कपारीतली चिंबोरी काढतात, चिखलात निवट्या धरतात. कुठलं खडप कुठल्या तिथीला किती वेळ उघडं राहतं, कुठलं गेल्या पंधरवड्यात वेचून झालंय म्हणून या वेळी सोडायचं, हे त्यांना पाठ असतं. होडी नाही, डिझेल नाही, कर्ज नाही. ज्या घरात पुरुष नाही किंवा तो कमावत नाही, त्या घराची चूल कित्येकदा यावरच पेटते. ही मासेमारी नाही तर काय आहे?

आता नीट ऐका. भरती बाराला आली तर ओहोटी सहाला. म्हणजे आपल्याकडे उधाणाची ओहोटी नेहमी सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ याच वेळात येते. वर्षभर, दर पंधरवड्याला. दुपारी बाराची ओहोटी भांगातली, तेव्हा खडप उघडंच पडत नाही. सकाळी सहा ते साडेआठ घरात काय असतं? नळाचं पाणी. डबे. मुलांची शाळा. संध्याकाळी सहा ते साडेआठ? स्वयंपाक. ज्या वेळी समुद्र बाईला बोलावतो, नेमक्या त्याच वेळी घरही तिला बोलावतं. शिवाय उधाणालाच डोलीची मासळी जास्त येते. ती निवडायची, वाळत घालायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात न्यायची, ती कोणी? तीच.

म्हणून बायका पहाटे चारला उठून भाकऱ्या थापतात आणि अंधारात खडपात उतरतात. हाताला बॅटरी बांधलेली, पाय कालवांच्या धारेने कापलेले. आणि घाईत असलेलं माणूस पाण्याचा अंदाज चुकतं.

हा धोका नीट समजून घ्या, कारण नव्या मुलींना तो कुणी समजावून सांगत नाही. ओहोटी संपली की पाणी एकसारखं चढत नाही. भरतीच्या सहा तासांतल्या पहिल्या तासात ते अगदी थोडं चढतं, बारातला एक भाग. वाटतं, अजून वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन भाग. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग, म्हणजे निम्मं पाणी या दोन तासांत येतं. मुंबई-रायगडच्या उधाणाला ओहोटी-भरतीत चार मीटरचा फरक पडतो. त्याचं निम्मं म्हणजे दोन मीटर. उभ्या बाईच्या डोक्यावरून पाणी, दोन तासांत. तेही समोरून येत नाही. खडप आणि किनारा यांच्यामधला सखल भाग आधी भरतो, म्हणजे पाठीमागची वाट आधी बंद होते. म्हणून जुन्या बायकांचा नियम असा: पाणी उतरत असताना उतरायचं, पाणी वळलं की टोपली भरलेली असो-नसो, वळायचं. एकटीने जायचं नाही. वारा समुद्राकडून जोरात असेल, लांबून फुगलेल्या लाटा येत असतील, तर तिथी कितीही चांगली असली तरी पाणी नेहमीइतकं उतरणार नाही. त्या दिवशी घरी राहायचं.

हे सगळं तोंडी ज्ञान आहे. ते आता अपुरं पडू लागलंय, आणि त्यात बायकांची चूक नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, मे २०२१ मध्ये तौक्ते येऊन गेलं. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था मोठ्या लाटांचे इशारे देते, उपग्रहाच्या माहितीवरून मासळी कुठे मिळू शकेल तेही कळवते. चांगलं आहे. पण ही सगळी व्यवस्था होडी डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली आहे. सूचना मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर लागते, होडीमालकाच्या फोनवर येते. पहाटे पाचला खडपात उतरणाऱ्या बाईला ती कोण सांगणार?

वादळानंतरचंही तेच. आपत्तीच्या मदतीच्या निकषांत मच्छीमारांसाठी होडी आणि जाळं यांच्या नुकसानीची तरतूद आहे. जिचं खडप वाळूखाली गाडलं गेलं आणि पुढचा हंगाम बुडाला, तिच्यासाठी त्यात रकानाच नाही. तिचं ना जाळं फाटलं, ना होडी फुटली. मग तिचं नुकसान झालंच नाही!

कायद्याचं तर नवलच आहे. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली, पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या आल्या. हा सगळा कायदा भरतीरेषेवर आणि ओहोटीरेषेवर उभा आहे. या दोन रेषांमधल्या पट्ट्याला त्यात वेगळा वर्ग दिलेला आहे. मैत्रिणींनो, बायका काम करतात तो हाच पट्टा. त्यांचं शेत भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामध्ये आहे. पण त्याचा सातबारा नाही. नकाशात तो मोकळा दिसतो. उद्या तिथे जेट्टी आली, भराव आला, रस्ता आला, तर मोजणीला येणारा अधिकारी विचारेल, "इथे मासेमारी कोण करतं?" तो येईल दुपारी बाराला, भांगाच्या दिवशी. त्याला दिसेल नुसतं पाणी. तो लिहील, "कोणी नाही."

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी चंद्रालाही बाजूला सारलं आहे. काळोख्या रात्रीची वाट कशाला बघायची, समुद्रात एलईडीचे प्रखर दिवे सोडून मासळी गोळा करता येते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, तरी त्याविरुद्धच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. चंद्राचं घड्याळ पाळण्यात एक शिस्तही होती. भांगात जाळं विश्रांती घ्यायचं, तशी मासळीही. खडपातली बाई आजही ती शिस्त पाळते.

मग आपण काय करायचं?

पहिलं काम आपलं, संघटनांचं. गावातल्या खडपांचा नकाशा काढा. सरकारी नकाशा नको, बायकांचा काढा. प्रत्येक खडपाचं नाव, तिथे काय मिळतं, कुठल्या तिथीला उघडं पडतं, किती जणी जातात. ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद हातात असेल.

दुसरं, नोंदणी. मच्छीमारांच्या यादीत बाईचं नाव तिच्या स्वतःच्या कामासाठी लागलं पाहिजे. ‘पायी मासेमारी’ असा रकाना मागा. आपत्तीच्या मदतीतही तो मागा. वादळाचा आणि लाटांचा इशारा बचतगटाच्या फोनवर आला पाहिजे, हेही मागा.

तिसरं, बंदराची जागा. खाडीतल्या बंदरांत होड्या भरतीच्या पाण्यावर आत येतात. ती भरती मध्यरात्रीचीही असते. बायका तिथे तासन् तास ताटकळतात. दिवा आणि संडास ही काही चैन नाही.

चौथं, आपल्या बैठका, शिबिरं आणि प्रशिक्षणं तिथी बघून ठेवा. सरकारी अधिकाऱ्यालाही तेच सांगा.

आणि पाचवं घरातलं आहे, सगळ्यात अवघड. एका गावात बायकांनी एक साधी गोष्ट केली. कॅलेंडरवर उधाणाच्या दिवसांभोवती लाल गोल केले आणि ते चुलीच्या वर टांगलं. घरात सांगितलं, या दिवशी सकाळचा डबा आणि मुलांची शाळा तुमच्याकडे. भांडणं झाली. काही घरांत कॅलेंडर फाडलं गेलं. काही घरांत नवरे पहिल्यांदा चहा करायला शिकले. एका बाईने मला सांगितलं, "ताई, नवरा होडीवर निघाला की अख्खं घर उठून त्याची तयारी करतं. मी निघते तेव्हा कुणी कूसही बदलत नाही. लाल गोल केल्यापासून निदान विचारतात, आज जायचंय का."

एवढा प्रश्न विचारला गेला, म्हणजे तिचं कामावर जाणं घराने मान्य केलं. आता तोच प्रश्न ग्रामपंचायतीने आणि सरकारने विचारला पाहिजे. त्यासाठी आधी आपण विचारायला सुरुवात करू. इथून घरी गेलात की कॅलेंडर काढा, आज तिथी कोणती ते बघा, आणि तुमच्या गावातल्या किती जणी आज खडपात गेल्या ते मोजून लिहून ठेवा.