किरायेदार, घरमालक आणि नगरपालिका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या विषयावर बोलण्यास वस्तुतः एखादा वकील हवा होता. मी मॅट्रिक झालेला, आयुष्यभर हाती खडू धरलेला मनुष्य. तथापि निवृत्तीनंतर ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचे अर्ज मी लिहून देत आलो आहे आणि त्या अर्जांपायी जे वाचावे व विचारावे लागले, तेच आपणांपुढे ठेवतो. या मंडपात घरमालक आहेत तसे किरायेदारही आहेत. दोघेही आपलेच, यास्तव थोडे स्पष्ट बोलण्याची मुभा घेतो.

बेकायदा हुसकावणी आपल्या मुलखास नवीन नाही. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याने 1950 साली कूळकायदा करून संरक्षित कुळे ठरविली. पुढे प्रा. खुस्रो यांनी त्यांची पाहणी केली, तेव्हा अवघ्या तीन-चार वर्षांत काय घडले ते उघड झाले. शंभर कुळांपैकी कायद्याच्या मार्गाने निघालेली तिनांहूनही कमी होती. बेकायदा हुसकावलेली बावीसच्या आसपास, आणि सतरा-अठरांनी म्हणे स्वखुशीने राजीनामा दिला! ती खुशी कसली होती, हे ज्यांचे अंगठे कागदावर उठले त्यांनाच ठाऊक. आज शेताच्या जागी दोन खोल्यांचे घर आले आहे. परंतु कोऱ्या कागदावर सही मागण्याची रीत तशीच चालू आहे. अशी सही कोणीही करू नये, मागणारा नात्यातला असला तरी.

एका तालुक्याच्या गावी आपल्या एका विधवा भगिनीवर हाच प्रसंग आला. जुन्या माळवदाच्या वाड्यात ती पंचवीस वर्षे राहत होती. किराया कधी थकला नव्हता. मात्र पावती एकही नव्हती. मालकाने प्रथम नळ बंद केला, मग वीज तोडली, आणि शेवटी ‘नगरपालिकेची नोटीस आहे, वाडा धोकादायक ठरला, आठ दिवसांत निघा’ असे सांगितले. बाई नगरपालिकेत गेली. तेथील कारकुनाने ‘हा तुमचा खासगी वाद’ म्हणून वाटेस लावले.

कारकुनाचे म्हणणे अर्धे खरे होते. मालक व किरायेदार यांचा निवाडा करण्याचा अधिकार नगरपालिकेस नाही. तो दिवाणी न्यायालयाचा. परंतु पडाऊ इमारत दुरुस्त करविणे किंवा उतरविणे हे नगरपालिकेचेच काम आहे, आणि म्हणूनच तिच्या नावाचा धाक घातला जातो. अशा वेळी पहिला प्रश्न विचारावा तो हा की, नोटीस खरोखर निघाली आहे काय? मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून तिची व पाहणी अहवालाची प्रत मागावी. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस बंधनकारक आहे. परभणी शहरात 2011 पासून महानगरपालिका आहे, तेथे हाच अर्ज आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा. त्या बाईच्या बाबतीत नोटीस निघालीच नव्हती!

नोटीस खरी असेल तर जीव धोक्यात घालून आत बसून राहा, असे मी कदापि सांगणार नाही. भिंत कायदा वाचत नाही. परंतु नगरपालिकेने इमारत पाडली एवढ्यानेच किरायेदारी संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ठरविले आहे. म्हणून घर सोडताना आपला हक्क राखून ठेवल्याचे लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

नगरपालिकेचा आणखी एक उपयोग फार थोड्यांना माहीत असतो. घरपट्टीच्या आकारणी यादीत मालकाप्रमाणेच भोगवटादाराचेही नाव लिहिण्याची सोय असते. आपले नाव तेथे आहे की नाही ते पाहावे, नसल्यास यादी हरकतींसाठी खुली होते तेव्हा अर्ज द्यावा. त्या उताऱ्याने किरायेदारीचा हक्क सिद्ध होत नाही. पण ताबा कोणाचा, याचा तो चांगला पुरावा आहे.

बाकीचे कायद्याचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. ज्या शहरांना तो लागू आहे तेथे किरायाची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी, वीज, संडास या सोयी सबळ कारणावाचून तोडणे हा गुन्हा आहे आणि त्या पूर्ववत करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वीही नव्वद दिवसांची नोटीस द्यावी लागते. खेड्यात किंवा शहरात, कोणासही कायद्याच्या मार्गावाचून घराबाहेर काढले, तर 1963 च्या विशिष्ट साहाय्य कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो. हे सहा महिने विनवण्यांत घालवू नयेत. वकिलाच्या खर्चाची चिंता भगिनींनी तरी करू नये. 1987 च्या कायद्याने सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय आहे.

आता मंडपातील घरमालकांस दोन शब्द. आपणांस स्वतःच्या राहण्यास जागा हवी असेल, किराया थकला असेल, तर न्यायालय आपले म्हणणे ऐकते. वेळ लागतो, हे मान्य. मुलाच्या लग्नासाठी घर हवे असताना तारखांवर तारखा पडल्या म्हणजे जीव कसा मेटाकुटीस येतो, तेही मी पाहिले आहे. लिव्ह अँड लायसन्सचा लेखी, नोंदविलेला करार असेल तर मुदतीनंतर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद मार्ग खुला आहे. तो करार करण्याचा कंटाळा मालकच करतात आणि मग कुलूप तोडतात.

माझी मंडळास विनंती अशी की, वसतिगृह निधीप्रमाणे या कामासाठीही दोन-तीन अनुभवी मंडळी नेमावी. ती नेमली जाईपर्यंत मी आहेच. भोजनानंतर कार्यालयाच्या मागील खोलीत बसणार आहे; ज्यांना नोटीस आली असेल त्यांनी ती आणि असतील तेवढ्या पावत्या घेऊन यावे.