ओझे, पाठ आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात अस्थिरोग विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात आमच्या विभागाने किती रुग्ण तपासले आणि किती शस्त्रक्रिया केल्या, याचा आढावा या प्रसंगी सादर करण्याची प्रथा आहे. तो आढावा अहवालातील तक्त्यांत आलेलाच आहे. त्यामुळे आज आपल्या अनुमतीने मी तक्त्यात न मावणाऱ्या एका विषयावर बोलणार आहे. तो विषय आहे ओझे: ते कसे उचलावे, कसे वाहावे आणि कसे रचून ठेवावे.

काही वर्षांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात एक हमाल आले. वय चाळिशीच्या आत. धानाची पोती ट्रकमधून उतरवणे आणि गोदामात थप्पी लावणे हा त्यांचा व्यवसाय. कंबरेतून निघालेली कळ उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती आणि पाऊल बधिर झाले होते. तपासणी झाली, औषधे दिली आणि सवयीप्रमाणे मी सांगितले, ‘‘यापुढे जड काही उचलायचे नाही.’’ ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘‘जड नाही उचलू, त खाऊ काय जी?’’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. जो माणूस ओझे उचलूनच घर चालवतो, त्याला ‘ओझे उचलू नका’ असे सांगणे म्हणजे वैद्यकीय सल्ला देऊन आपले हात मोकळे करून घेणे होय. तेव्हापासून हा विचार मनातून गेलेला नाही.

सावली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा आपला धानाचा पट्टा. रोवणीच्या दिवसांत आपल्या मायबहिणी दिवसभर चिखलात वाकून असतात. कापणी झाली की धानाचे भारे डोक्यावरून पुंजण्यापर्यंत येतात. मळणीनंतर पोती भरतात. ती बैलबंडीत चढतात, खरेदी केंद्रावर उतरतात, पुन्हा ट्रकमध्ये चढतात, भातगिरणीत उतरतात आणि तांदूळ होऊन पुन्हा उचलली जातात. आपल्या ताटात भात येईपर्यंत तेच धान्य कितीदा तरी माणसाच्या पाठीवरून गेलेले असते. उन्हाळ्यात तेंदूपाने, बांबू आणि सरपणाच्या मोळ्या यांची त्यात भर पडते.

पाठीचा कणा ओझे वाहण्यास समर्थ आहे. परंतु ओझे कोठून उचलले जाते यावर बरेच अवलंबून असते. शरीराजवळ धरलेले वजन आणि हात लांब करून धरलेले तेच वजन, यांत कंबरेच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. रहाट ओढणाऱ्याला आणि पहार वापरणाऱ्याला तरफेचे हे तत्त्व ठाऊकच असते. ओझे जितके दूर, तितका कंबरेच्या स्नायूंना जास्त जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यांमधील चकत्यांवर येतो. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या मणक्यातील चकतीत बारीक सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. वाकून वजन उचलताना तो किती वाढतो, हे त्यामुळे जगासमोर आले.

पुढे अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने यावर एक सूत्र तयार केले व १९९१ मध्ये ते सुधारले. त्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना दोन्ही हातांनी उचलावयाच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे काय? वजन शरीराच्या अगदी जवळ, सुमारे २५ सेंटीमीटरवर असावे. जमिनीपासून ७५ सेंटीमीटर उंचीवर, म्हणजे मांडी-कंबरेच्या आसपास असावे. अंग पिळावे लागू नये. आणि पकड चांगली असावी. तेच वजन ५० सेंटीमीटर दूर असेल, तर मर्यादा निम्म्यावर येते. शिवाय ते जमिनीवरून उचलायचे असेल, तर ती आणखी कमी करावी लागते. हिशेब सोपा आहे. २३ चे साडेअकरा झाले आणि जमिनीच्या उंचीमुळे साडेअकराचे सुमारे ९ किलो उरले. आता आपल्याकडील पोते पाहा. शासकीय खरेदीत धानाची भरती साधारण ४० किलोची, तर तांदूळ, सिमेंट आणि खताची पोती ५० किलोपर्यंतची असतात. अंतर किती आहे, हे वेगळे सांगावयास नको.

एकेकाळी हे पोते शंभर किलोच्या घरात होते. ते हलके झाले, ते आपोआप नव्हे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलेले माथाडी कामगार आणि राज्यभरातील हमाल-मापाडी यांनी दीर्घ काळ लढा दिला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. देशात अशा स्वरूपाच्या कायद्यात तो अग्रेसर मानला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहावयाच्या कमाल वजनासंबंधी करार संमत केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा उल्लेख आहे. भारताने हा करार २०१० मध्ये मान्य केला. करार होण्यापासून तो मान्य होण्यापर्यंत ४३ वर्षे गेली. तेवढ्या काळात एका हमालाचे संपूर्ण कामाचे आयुष्य संपते.

दरम्यान उपचार पुष्कळ जवळ आले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. वैनगंगेच्या पलीकडे शोधग्राम येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात मुंबईचे तज्ज्ञ शल्यचिकित्सक येऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. परंतु उत्तम शस्त्रक्रिया झालेला माणूसही बरा होऊन अखेर त्याच गोदामात, त्याच थप्पीपाशी जातो. थप्पी तशीच राहिली, तर आपले श्रम आणि त्याचे दुःख, दोन्ही पुन्हा पहिल्या जागी येतात.

मग गोदामात काय करता येईल? पहिली गोष्ट, पोते जमिनीवर टाकू नये. कंबरेच्या उंचीचा ओटा किंवा फळी असेल, तर उचलण्याचे अर्धे संकट टळते. ट्रकच्या फाळक्याइतक्या उंचीचा धक्का बांधला, तर पोते चढवावे लागत नाही, नुसते सरकवावे लागते. दुसरी गोष्ट, जे चाकावर जाऊ शकते ते डोक्यावर जाऊ नये. दोन चाकांची हातगाडी आणि सपाट, कोरडी वाट एवढे पुरेसे असते. तिसरी गोष्ट थप्पीची. लाकडी चौकटींवर, भिंतीपासून अंतर सोडून, एक थर उभा व एक थर आडवा अशी पोती रचली की थप्पी एकमेकांत बांधली जाते आणि धान्याला ओलही लागत नाही. खालचे पोते ओढून काढण्याची सवय जिवावर बेतते. पोती नेहमी वरूनच, पायरीपायरीने काढावीत. कीटकनाशके आणि धान्य कधीही एका खोलीत ठेवू नयेत. आणि उचलण्याची वेळ आलीच, तर पाय थोडे फाकवून ओझ्याच्या अगदी जवळ उभे राहावे, गुडघ्यांत वाकावे, ओझे पोटाशी धरावे आणि वळायचे असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत. अवघड वजनाला दोघांनी हात लावावा.

ही शेवटची सूचना मी मुद्दाम शेवटी सांगितली. बहुतेक फलकांवर तीच सर्वांत वर असते, जणू सारा दोष उचलणाऱ्याच्या पद्धतीचाच असावा. पद्धत शिकवावी, पण पन्नास किलोचे पोते जमिनीवरून दिवसभर उचलणाऱ्याची पाठ केवळ पद्धतीने वाचत नाही.

हे दुसऱ्यांच्या गोदामाविषयी बोलत असताना आपल्या घरात काय चालले आहे, हेही पाहणे प्राप्त होते. आपल्या रुग्णालयाच्या भांडारात सलाइनची खोकी सर्वांत वरच्या फळीवर आणि कापसाचे गठ्ठे खाली ठेवलेले असत. अर्ध्या लिटरच्या चोवीस बाटल्यांचे एक खोके बारा किलोहून अधिक भरते. एके रात्री स्टुलावर चढून असे खोके काढताना आपल्या एका आयाबाई पडल्या आणि कित्येक आठवडे त्यांना काम करता आले नाही. इतरांना सल्ला देणाऱ्या आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात ती फळी तोवर आली नव्हती. ती चूक आमची होती आणि ती या व्यासपीठावरून मान्य करणे मला आवश्यक वाटते.

त्यानंतर भांडार नव्याने लावले. जड वस्तू कंबरेच्या उंचीवर, हलक्या वस्तू वर, आणि सांडल्यास अपाय करणारी ॲसिड व फिनेलची कॅन सर्वांत खाली. प्राणवायूची मोठी सिलिंडरे, जी भरलेली असताना एका माणसाच्या वजनाइतकी जड असतात, ती आता लोळवत नेली जात नाहीत. ती गाडीवरून जातात आणि भिंतीला साखळीने उभी बांधली जातात. रुग्णाला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना काखेत हात घालून ओढण्याऐवजी अंगाखालील चादरीच्या साहाय्याने चौघे मिळून, एकाच्या इशाऱ्यावर सरकवतात. साठ किलोचा रुग्ण हा पोत्यापेक्षा जड आहे आणि त्याला वेदनाही होतात.

रुग्णांच्या नातेवाइकांना दोन शब्द. घरी अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना उठवताना त्यांना मानेत हात घालून ओढू नका. आधी कुशीवर वळवा, पाय खाटेखाली सोडा, मग खांद्याला आधार देऊन बसवा. खाट थोडी उंच असेल, तर तुमची कंबरही वाचेल. साधी कंबरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत बरी होते. त्यासाठी महिनाभर पडून राहू नका, झेपेल तेवढे हिंडत-फिरत राहा. मात्र लघवी वा शौचावरील ताबा गेला, जांघेत बधिरता आली किंवा पायातील शक्ती कमी होऊ लागली, तर एक दिवसही घरी थांबू नका. अशा वेळी तासांना महत्त्व असते.

फेब्रुवारी-मार्च १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच सावलीत भरले होते आणि त्यासाठी महात्मा गांधी येथे आले होते. चरख्याचे व खादीचे हे गाव. श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी आपण येथे वारंवार बोलतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे, श्रमाला प्रतिष्ठा देणे म्हणजे श्रम करणाऱ्याच्या शरीराची काळजी घेणेही आहे. ज्याचे कौतुक करायचे, त्याचीच पाठ मोडू द्यायची, हे एकत्र नांदू शकत नाही.

देणगीदारांनी आजवर दिलेल्या यंत्रांवर त्यांच्या आप्तांची नावे कोरलेली आहेत आणि ती यंत्रे रोज कोणाचे तरी प्राण वाचवीत आहेत. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा माझी मागणी थोडी साधी आहे. हातगाड्या, भांडारामागे ट्रकच्या उंचीचा धक्का, पायऱ्यांऐवजी उतरण, उंची कमी-अधिक होणाऱ्या काही खाटा. यांतील बऱ्याच वस्तूंवर नावाची पाटी लावण्यास जागाही नाही. भातगिरण्या व गोदामे चालविणारे जे सन्माननीय सदस्य येथे उपस्थित आहेत, त्यांना विनंती आहे की आपल्या गोदामात एकदा आम्हाला बोलवावे. आम्ही औषधे न घेता, मोजपट्टी घेऊन येऊ.

ते हमाल काही दिवसांनी पुन्हा आले होते. त्यांच्या मालकांनी त्यांना पोती मोजण्याचे व शिवण्याचे काम दिले होते. मजुरी कमी झाली होती, पण घर चालू होते. सर्वांनाच असे मालक लाभत नाहीत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकट्या डॉक्टरजवळ नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे.