लहान मुलांचे धर्मशिक्षण
(वार्षिक संमेलनातील भाषण)



प्राथमिक शाळेत धर्मशिक्षण कसे द्यावे, यावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी आलिम नाही. लहान मुलांना शिकविण्यात हयात घालविलेला एक मास्तर आहे. म्हणून एका मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

आमच्या शाळेत मुसलमान मुलांबरोबर कुणब्यांची, कोळ्यांची, बौद्धांची मुलेही बसत. दीनियातचा तास सुरू झाला की ती मुले मैदानावर जात. एके दिवशी तिसरीतल्या एका मुलाने विचारले, "सर, माझा दोस्त या तासाला बाहेर का जातो? तो वाईट आहे का?" असे त्याला कोणी शिकविले नव्हते. पण आम्ही न बोलता जे शिकवीत होतो, ते त्याने बरोबर टिपले होते. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. त्याची खंत अजून आहे.

त्या मुलांना बाहेर पाठविणे कायद्याला धरूनच होते. आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. पण २८ वे कलम सांगते की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसविता येणार नाही. हे योग्यच आहे. धर्मात जबरदस्ती नाही, ही तर आपल्या कुराणाचीच शिकवण आहे. प्रश्न एवढाच, की बाहेर जाणाऱ्या मुलाला आपण काय दिले? एक चेंडू आणि दुपारचे ऊन!

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने एक मोलाचा भेद सांगितला आहे. एखाद्या धर्माचे शिक्षण वेगळे आणि सर्व धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे. मला वाटते, आपल्या शाळांना दोन्ही हवे.

पहिले आपल्या मुलांसाठी. आमची मुले सूरे-फातिहा घडाघडा म्हणतात. अर्थ विचारला की गप्प बसतात. वहीवर पहिला शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच', असा उतरला. त्या धर्माची मुले न समजता पाठ करतात, हे शोभत नाही. अर्थ त्यांना घरच्या बोलीत सांगा.

दुसरा तास सर्वांचा, एकाच वर्गात. रोजा का धरतात, बुद्धपौर्णिमा कशाची, नाताळ कोणाचा, हे मुलांनीच एकमेकांना सांगावे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिली, विनोबांनी कुराणाचे सार काढले, हे त्यांच्या कानी पडावे.

काही पालक म्हणतात, "अशाने आमच्या मुलांची श्रद्धा डळमळेल." पालकहो, दुसऱ्याची पूजा करणे वेगळे आणि दुसऱ्याला जाणून घेणे वेगळे. ज्याला आपल्या नमाजचा अर्थ ठाऊक आहे, तो शेजारच्या आरतीने डळमळत नाही. शेजाऱ्याचा हक्क तर आपल्या धर्मानेच आपल्यावर ठेवला आहे.

एक विनंती करून थांबतो. जेवताना, मुलांच्या देखत, दुसऱ्या कोणाच्या धर्माची टिंगल करू नका. शाळेत महिनाभर शिकविलेले त्या एका घासाबरोबर पुसले जाते.

त्या मुलाला आज मी सांगेन, "बाळ, तुझा दोस्त वाईट नाही. तो त्याच्या घरचे शिकतो, तू तुझ्या घरचे शीक. पुढच्या तासाला दोघे शेजारी बसा आणि एकमेकांना सांगा."

खुदा हाफिज. जय हिंद!