वकील टुंडू लिस्सू
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



तुम्ही म्हणाल, कापसाच्या भावाचं सोडून यांनी आफ्रिकेचं काय काढलं? थोडं ऐकून घ्या. टांझानिया देशात सिंगिडा नावाचा कोरडवाहू भाग आहे. पाऊस बेभरवशाचा, पीक ज्वारी-बाजरीचं. टुंडू लिस्सू १९६८ साली तिथं जन्मले. उत्तरेला शिन्यांगा, तिथं कपाशी.

त्या कपाशीच्या मुलखात बुल्यानहुलु इथं जमिनीखाली सोनं आहे. गरीब माणसं हातानं खड्डे खणून पोट भरत. ऑगस्ट १९९६ मध्ये कॅनडाच्या कंपनीसाठी सरकारनं हजारोंना तिथून हुसकावलं. टबोराच्या हायकोर्टाचा मनाईहुकूम होता. तो कागदावरच राहिला. काही माणसं खड्ड्यांतच गाडली गेली असा आरोप झाला. सरकारनं आणि कंपनीनं तो नाकारला. पर्यावरणाचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या गटातर्फे लिस्सूंनी स्वतंत्र चौकशी मागितली. २००२ साली त्यांच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला!

आता मुद्दा नीट समजून घ्या. तिथल्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे सगळी जमीन सार्वजनिक आणि राष्ट्राध्यक्ष तिचे विश्वस्त. शेतकऱ्याला वहिवाटीचा हक्क, मालकी नाही. आपलं सातबाऱ्यावर नाव असतं. तरी १८९४ च्या इंग्रजी कायद्यानं 'सार्वजनिक कामा'साठी जमिनी गेल्याच, आणि २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत जात राहिल्या. (आम्ही शेतीची पदवी घेतली. मातीचे थर शिकलो, जमिनीचा कायदा कुणी शिकवला नाही.) विश्वस्तच जमीन देऊन टाकू लागला, वर कोर्टाचंही ऐकेना, तर वकिलानं नुसते अर्ज किती करायचे? कायदा होतो तिथंच जावं लागतं. २०१० साली लिस्सू चाडेमा या विरोधी पक्षातर्फे खासदार झाले.

७ सप्टेंबर २०१७. संसदेचं अधिवेशन चालू. डोडोमात घरासमोर त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, सोळा गोळ्या अंगात शिरल्या. आधी नैरोबीत, मग बेल्जियमला उपचार. गोळ्या झाडणाऱ्यांवर वर्षानुवर्षं खटला उभा राहिला नाही. मात्र २०१९ साली सभागृहात गैरहजर म्हणून लिस्सूंची खासदारकी काढून घेतली. गोळ्या खाल्लेला माणूस दवाखान्यात नसेल तर कुठं असेल?

२०२० साली लंगडत परत येऊन त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. सरकारी निकालात हरले, निकाल मानला नाही, पुन्हा देश सोडावा लागला. २०२३ मध्ये परतले, जानेवारी २०२५ मध्ये पक्षाध्यक्ष झाले. निवडणुकीचे नियम सुधारा, नाहीतर निवडणूक होऊ देणार नाही, अशी त्यांची भूमिका. ती त्यांच्या पक्षातही सर्वांना पटली नाही. काही जण बाहेर पडले. बहिष्कारानं मैदान मोकळं सुटतं, ही शंका आम्हालाही आहे. पण एप्रिलमध्ये त्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि चाडेमाला उमेदवार उभे करायलाच बंदी आली. ऑक्टोबरात विद्यमान राष्ट्राध्यक्षांना ९७ टक्क्यांवर मतं जाहीर झाली.

लिस्सू तेव्हा तुरुंगात होते. जूनमध्येच त्यांनी आपले वकील बाजूला केले होते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून स्वतःचा खटला स्वतःच चालवत होते.