घाट उतरताना बॅटरी का भरते?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, आम्हा अलोऱ्याच्या माणसांना कोळकेवाडीचा तलाव रोजच्या पाहण्यातला. पोफळीच्या वीजगृहातून सुटलेले पाणी या तलावात येते, थोडे थांबते आणि तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज करून वाशिष्ठीला मिळते. शिवसागराच्या मानाने हा तलाव अगदीच लहान. पाणी वर्षभर साठवणे हे त्याचे काम नव्हे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा मेळ घालणे हे त्याचे काम.

हायब्रिड गाडीची बॅटरी नेमकी अशीच असते, हे आज मला सांगायचे आहे. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असलेली गाडी. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांना घरी चार्जिंग करावे लागत नाही. ब्रेक लावला किंवा उतार लागला, की मोटरच जनित्र होते आणि बॅटरी भरते.

या गाड्यांच्या मालकांची एक तक्रार मी वरचेवर ऐकतो. कऱ्हाडहून येताना कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर बॅटरीच्या चित्रात दोन-तीन रेघा असतात. निम्मा घाट उतरेपर्यंत सगळ्या रेघा भरतात आणि मग ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिन मोठ्याने घोंघावू लागते. एका गृहस्थांना तर कुणीतरी बॅटरी बदलण्याचा सल्लाही दिला होता. खर्चाचा आकडा ऐकून त्यांची झोप उडाली.

जरा हिशेब करू. दीड हजार किलोची गाडी शंभर मीटर खाली उतरली, की साधारण ०.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली बॅटरीकडे येते. पण बॅटरीत सगळी मिळून वीज मावते पाऊण ते सव्वा युनिट! शिवाय तिचे आयुष्य वाढावे म्हणून गाडीचा संगणक ती काठोकाठ भरू देत नाही आणि तळ गाठेपर्यंत रिकामीही होऊ देत नाही. म्हणजे हाताशी उरते जेमतेम अर्ध्या युनिटची जागा. घाटाची उतरण तर काहीशे मीटरची. मग बॅटरी भरणारच. भरल्यावर जास्तीची वीज खपवण्यासाठी संगणक पेट्रोल न जाळता इंजिन नुसतेच फिरवतो. तो आवाज त्याचा. त्या गृहस्थांची बॅटरी ठणठणीत होती.

मात्र एक धोका ओळखून ठेवा. बॅटरी भरली, की मोटरकडून मिळणारी ब्रेकची मदत कमी होते आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. सतत दाबून ते तापले, तर ऐन वळणावर दगा देऊ शकतात. म्हणून घाटमाथ्यावरच वेग कमी करा. गिअरच्या दांड्यावर ‘बी’ हे अक्षर असेल, तर उतारावर ते वापरा. आणि पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रलवर गाडी कधीही सोडू नका. त्याने बॅटरी भरत नाही, आणि गाडीला आवर घालणारा आधारही जातो.

मग खरी बिघाडाची खूण कोणती? सपाट रस्ता बघा. अलोऱ्याहून चिपळूणकडे सरळ जाताना रेघा काही मिनिटांत भरत आणि लगेच तळाला जात असतील, तर बॅटरीतला एखादा गट अशक्त झाला असण्याची शक्यता आहे. धोक्याचा दिवा लागला असेल, तर यंत्र जोडून प्रत्येक गटाचा दाब तपासून घ्या. सगळ्या गटांचे आकडे जवळपास सारखे हवेत.

पण त्याआधी एक बिनखर्चाची तपासणी करा. पुष्कळ गाड्यांत बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या बाकाजवळ असते. मे महिन्यात मुंबईला निघालेल्या एका गाडीत आंब्याच्या पेट्या नेमक्या त्या जाळीला टेकवून रचल्या होत्या. पंखा ओरडत होता आणि रेघा वर चढत नव्हत्या, कारण तापलेल्या बॅटरीला संगणक चार्जिंग कमी देतो. पेट्या हलवल्या, जाळीवरची धूळ काढली, आणि गाडी सुधारली.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहून सुरूच झाली नाही, तर संशय मोठ्या बॅटरीवर घेऊ नका. संगणकाला जागे करणारी बारा व्होल्टची लहान बॅटरी वेगळी असते. बहुधा तीच उतरलेली असते आणि ती बदलणे पुष्कळ स्वस्त पडते.

नारिंगी वेष्टनाच्या जाड तारांना मात्र हात लावू नका. त्यांत जिवावर बेतेल इतका दाब असतो. ते काम प्रशिक्षित माणसाचे. आपण एवढेच करायचे, की रेघा कुठे, कशा रस्त्यावर आणि किती वेळात बदलल्या हे कागदावर लिहून त्याच्या हाती द्यायचे. त्या नोंदीवरून त्याचे निम्मे निदान होते, आणि नको असलेली नवी बॅटरी आपल्या गळ्यात पडत नाही.