विकतची यादी



ईमेलवरच्या जाहिराती हा विषय ऐकून काहींना वाटले असेल, वरूडात ईमेल वाचतो कोण? सगळा धंदा तर व्हॉट्सॲपवर. अर्धे खरे आहे. पण बाहेरगावचा व्यापारी संत्र्याचे बिल मेलवर मागतो, जीएसटीच्या नोटिसा मेलवर येतात, आणि शेजारच्या शेंदुरजना घाटच्या संत्रा-कलमांची परराज्यातून होणारी चौकशीही कधी कधी तिथेच येते. शिवाय आज मेलबद्दल जे बोलेन, ते बरेचसे मेसेजलाही लागू आहे.

हल्ली दुकानदाराला एक फोन येतो. ‘साहेब, विदर्भातल्या शेतकऱ्यांचे पत्ते आहेत, नंबर आहेत, स्वस्तात देतो. एक बटन दाबा, हजारो लोकांपर्यंत जाहिरात.’ कायद्यात बसते का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘सगळेच करतात.’

सगळे करतात हे खोटे नाही, आणि त्याचे कारण जुने आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या सरकारी जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता आपल्या संगणकांची जाहिरात धाडली. लोक चिडले, तक्रारी झाल्या. पण माल खपलाही. तो खपला नसता तर आज मी इथे उभा नसतो.

आता कायदा. अमेरिकेने २००३ मध्ये नको असलेल्या मेलसाठी स्वतंत्र कायदा केला. कॅनडाचा २०१४ पासून लागू आहे, आणि त्यात कंपनीला एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. एक कलम मात्र होते, आणि ते का गेले ती कथा महाराष्ट्राचीच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रास देण्याच्या किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्याच्या हेतूने केलेला मेल हाही गुन्हा होता, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर एकीने लिहिले आणि दुसरीने ते ‘लाइक’ केले म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. देशभर गदारोळ उठला, श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६अ पूर्ण रद्द केले. माझ्या मते ते जायलाच हवे होते. पण त्याच्याबरोबर मेलची तरतूदही गेली आणि ती जागा रिकामी राहिली.

फोन आणि एसएमएसचे तसे नाही. तिथे दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे नियम आहेत, १९०९ वर तक्रार करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते आणखी कडक झाले. नोंदणी न करता साध्या नंबरवरून जाहिराती करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की कारवाई. पहिल्या वेळी पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केले तर वर्षभर सगळी कनेक्शने बंद. आंबिया बहाराच्या सौद्यांच्या दिवसांत पंधरा दिवस फोन बंद राहणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मेलची रिकामी जागा आता भरते आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. म्हणजे मे २०२७. हा कायदा एरवी जाहिरातीला हात लावत नाही, यादीला लावतो. माणसाचे नाव, नंबर, पत्ता तुम्ही कशासाठी घेतला, त्याने होकार दिला का, आणि दिलेला होकार तितक्याच सहज परत घेता येतो का, हे तो विचारतो. कायद्यातच औषधाच्या दुकानाचे उदाहरण आहे. गिऱ्हाइकाने पावती मेसेजवर मागितली आणि नंबर दिला, तर दुकानदाराने तो पावतीपुरता वापरावा. हेच आपल्या कृषी केंद्राला लावा. बियाण्याच्या बिलासाठी दिलेला नंबर हा ट्रॅक्टरच्या जाहिरातीसाठी दिलेला नंबर नव्हे. आणि विकतच्या यादीतल्या माणसाने तर तुम्हाला काहीच दिलेले नसते.

एक पळवाट आहे, तीही सांगतो. ज्याने आपला नंबर स्वतःच जाहीर केला, पाटीवर लिहिला, त्याच्या त्या माहितीला हा कायदा लागत नाही. पण यादी विकणारा प्रत्येक नाव पाटीवरून उतरवून आणतो, यावर कोणी विश्वास ठेवू नये. शिकवणी वर्गवाल्यांनी मात्र विशेष जपावे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल, आणि त्यांना हेरून जाहिराती करायलाच मनाई असेल. दंडाचा २५० कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत गाजतो. तो कमाल आकडा आहे, तोही माहिती नीट न सांभाळल्याबद्दलचा. वरूडच्या दुकानदाराला कोणी २५० कोटी मागणार नाही, त्या आकड्याने घाबरू नका.

भीती दुसरीकडे आहे, आणि तिला ना वकील लागतो ना तारीख. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून मेलचे नियम आवळले. तुमच्या मेलला ‘स्पॅम’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवे. हजारात तीन माणसे! विकतच्या यादीत तीन चिडकी माणसे सापडायला कितीसा वेळ लागतो? त्यानंतर तुमचा प्रत्येक मेल संशयाने पाहिला जातो. जाहिरात तर जातेच, पण कोलकात्याच्या व्यापाऱ्याला धाडलेले खरे बिलही त्याच कचऱ्यात जाऊन पडते. पैसे का आले नाहीत म्हणून तुम्ही त्याच्यावर रागावता, तो म्हणतो बिलच आले नाही, आणि दोघेही खरे बोलत असता.

आणि दुसरी भीती नाव जाण्याची. संत्र्याचे कलम विकणाऱ्याला हे जास्त समजेल. जंभेरीच्या खुंटावर कलम नीट बांधले की नाही, जात खरी की खोटी, हे गिऱ्हाइकाला कळते झाड फळावर आल्यावर, चार-पाच वर्षांनी. तोवर तो फक्त तुमच्या नावावर विसंबून असतो. अशा माणसाला न विचारता, कुठून तरी नंबर मिळवून तुम्ही जाहिरात पाठवली, की त्याचा पहिला प्रश्न कलमाबद्दल नसतो. तो म्हणतो, ‘माहा नंबर तुले कोनं देल्ला?’ या प्रश्नाला सांगण्यासारखे उत्तर नसेल, तर पुढे जातिवंत कलमाची कितीही हमी दिली तरी ती कोण ऐकणार? पुण्या-मुंबईत चिडलेला माणूस मेल पुसतो आणि विसरतो. इथे तो तालुक्याच्या बाजारात चार जणांना सांगतो.

मग जाहिरात करायचीच नाही का? जरूर करा. दुकानात वही ठेवा, मराठीत एक ओळ लिहा, ‘नव्या मालाची माहिती पाठवू का?’, आणि ज्याने हो म्हटले त्याचेच नाव त्यात घ्या. यादी शंभराचीच होईल, होऊ द्या. प्रत्येक मेलवर आपला खरा पत्ता असावा आणि ‘पुरे’ म्हणायची सोय असावी. ज्याने ‘पुरे’ म्हटले त्याचे नाव त्याच दिवशी काढा, पुढच्या हंगामात विसरून पुन्हा घालू नका. आणि विकत घेतलेली यादी आज कोणाच्या संगणकात असेल, तर मे २०२७ ची वाट न पाहता ती आज रात्रीच पुसून टाका, ही माझी तुम्हाला विनंती आहे.