सरकलेली फुटपट्टी



आई कमलाभवानीच्या करमाळ्यात स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. कोणी जेऊर स्टेशनावर उतरून आले, कोणी एसटीने, कोणी दुचाकीवर. बाहेरगावच्या पाहुण्यांना माझी एक विनंती आहे. परतण्यापूर्वी मंदिराजवळची 96 पायऱ्यांची बारव जरूर पाहून जा. पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीची उंची पायाला सारखी लागते, आणि दगडाला दगड असा बसला आहे की इतक्या पावसाळ्यांनंतरही सांधा सुटलेला नाही. ही बारव बांधणाऱ्या पाथरवटांच्या हाताला भूमिती येत होती. आज आमच्या मुलांच्या वहीत भूमिती आहे, प्रमेये पाठ आहेत, पण ती हातापर्यंत पोचत नाही. शाळा आणि विद्यापीठे मुलांना जगण्यासाठी आणि कामासाठी कितपत तयार करतात हा या परिषदेचा विषय आहे. माझ्या मते त्याचे मूळ वही आणि हात यांच्यामधल्या या तुटलेल्या वाटेत आहे, म्हणून स्वागताबरोबरच त्याविषयी थोडे सविस्तर बोलण्याची परवानगी घेतो.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी 2023 साली 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत ग्रामीण भागातील 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींची घरी जाऊन चाचणी घेतली गेली. महाराष्ट्रातून त्यात नांदेड जिल्हा होता. यातली जवळजवळ 87 टक्के मुले कुठे ना कुठे शिकत होती, म्हणजे मुले शाळेत येतच नाहीत ही जुनी तक्रार आता पुरेशी नाही. तरीही चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे 43 टक्क्यांच्या आसपास मुलांनाच जमले. हे आकडे वर्तमानपत्रांत येऊन गेले, त्यावर हळहळही व्यक्त झाली. त्याच चाचणीतली एक लहानशी गोष्ट मात्र मला जास्त अस्वस्थ करते. पट्टीच्या शून्यावर वस्तूचे टोक ठेवले तेव्हा सुमारे 85 टक्के मुलांनी तिची लांबी बरोबर सांगितली. वस्तू शून्यावरून थोडी पुढे सरकवली, तेव्हा बरोबर उत्तर देणारी मुले 39 टक्क्यांवर आली. पट्टी तीच, मोजायचेही तेच. याचा अर्थ निम्म्याहून अधिक मुले मोजायला शिकलीच नव्हती. वस्तू जिथे संपते तिथला आकडा वाचायला तेवढी शिकली होती. आता कोणत्याही बांधकामावर जाऊन पाहा. मिस्त्रीच्या टेपचे टोक झिजलेले असते, म्हणून तो दहावर धरून मोजतो आणि शेवटी दहा वजा करतो. सुताराचे तेच, वेल्डरचे तेच. कामाच्या जागी वस्तू शून्यावर ठेवलेली सापडत नाही.

अशा वेळी ठरलेला उपाय सुचवला जातो: कौशल्य शिकवा. शाळेत कोडिंग आणा, महाविद्यालयात तीन महिन्यांचा कोर्स लावा, प्रमाणपत्र द्या. ‘असर’च्या चाचणीतल्या मुलांपैकी 5.6 टक्केच कसले तरी व्यवसाय प्रशिक्षण घेत होती, तेव्हा त्याची गरज आहे हे मी नाकारत नाही. पण ज्या मुलाला पट्टी सरकल्यावर वजाबाकी सुचत नाही, त्याला तीन महिन्यांत एक यंत्र चालवायला शिकवले तर तो तेच यंत्र चालवेल, आणि यंत्र बदलले की पुन्हा शून्यावर येईल. कौशल्य आणि समज असे दोन वेगळे डबे आपण केले आहेत. शाळा समजेचा डबा भरते असे मानतो आणि कौशल्याचा डबा नंतर कोणीतरी भरेल अशी आशा धरतो. पट्टीचा प्रयोग सांगतो की कामाशी गाठ न पडलेली समज ही समजच नसते. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की मुलाला कामासाठी तयार करायचे असेल तर अभ्यासक्रमाला आणखी एक विषय जोडून भागणार नाही. आहे तो धडा आणि आहे ते काम एका जागी आणावे लागेल.

आणि काम शोधायला आपल्याला लांब जायला नको. उजनी धरणाचे पाणी आले तसा तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात ऊस वाढला, केळी वाढली. कंदर परिसरातली केळी आज आखाती देशांत जाते. पॅकिंग चालू असताना तिथे अर्धा तास उभे राहावे. घड कापल्यावर तो जमिनीला टेकू देत नाहीत, कारण आज दिसत नसलेला ओरखडा पिकल्यावर काळा पडतो. फण्या सोडवल्या की चीक गळतो, तो सालीवर वाळला तर डाग राहतो, म्हणून तुरटीच्या पाण्यात धुतात. फळाची जाडी कॅलिपरने तपासतात, तेराएक किलोचा खोका भरतात आणि माल साधारण 13 अंश सेल्सिअसला ठेवतात. त्याहून फार गार झाला तर साल काळवंडते, गरम राहिला तर वाटेतच पिकायला लागतो. पुढे विकायच्या ठिकाणी इथिलीन वायू देऊन तो पिकवतात. या एका शेडमध्ये तुरटीचे रसायन आहे, वनस्पतींची संप्रेरके आहेत, उष्णतेचे वहन आहे, सरासरी आणि टक्केवारी आहे, डॉलरचा भाव आहे, करारपत्राची भाषासुद्धा आहे. इथून हाकेच्या अंतरावरच्या शाळेत त्याच वेळी कार्बनी संयुगांच्या धड्यात इथिलीनचे रचनासूत्र फळ्यावर काढलेले असते. मुले ते वहीत उतरवतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवतात. शेडमध्ये खोके उचलणाऱ्या मुलाला तो वायू काय करतो हे कोणी सांगत नाही आणि वर्गातल्या मुलाला तो वायू कुठे आहे हे कोणी दाखवत नाही. या दोन जागांच्या मधली भिंत आपणच बांधली आहे.

हा विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे मूलभूत ज्ञान, हिशेब आणि आरोग्याचे धडे मागितले होते. सरकारी शाळांतले शिक्षण व्यवहारात उपयोगी पडत नाही, त्यातून कारकून आणि मास्तरच तयार होतात, अशी त्यांची तक्रार होती. 1919 साली रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या कर्मवीर भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ हे ब्रीद वसतिगृहाच्या रोजच्या जगण्यात उतरवले. 1937 च्या वर्धा परिषदेनंतर हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या नयी तालीमचे प्रयोग झाले आणि पुढे बहुतेक ठिकाणी सूतकताई हाच तास होऊन बसला. या साऱ्यांत मला अधिक विचार करण्याजोगे वाटते ते पाबळचे काम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून माध्यमिक शाळांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा अभ्यासक्रम आला. आठवड्यातला एक दिवस, चार क्षेत्रे: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य. त्यांनी मुलांना एकाच धंद्यात बसवले नाही. चारही क्षेत्रांत हात घालायला लावला, मुलामुलींना एकत्र, आणि शिकवायला गावातले जाणकार कारागीर घेतले. मुलीने वेल्डिंग केले, मुलाने रक्तातले हिमोग्लोबिन तपासले, आणि दोघांनीही केलेल्या कामाचा खर्च मांडला. गावच्या साध्या कामातून विज्ञान शिकवता येते हे तिथे वर्षानुवर्षे करून दाखवले गेले आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. गरिबाच्या पोराला हाताचे काम आणि सुस्थिताच्या पोराला पुस्तक, अशी वाटणी या देशाने शतकानुशतके केली. 1953 साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा धंदा अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पुन्हा लादते म्हणून लोक उठले आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. लोकांचे बरोबर होते. आपल्याच जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटातला जब्या शाळेच्या आसपास डुकरे पकडायला लागतो तेव्हा त्याला जी लाज जाळते, ती आळसातून आलेली नाही. जे काम जन्माने गळ्यात पडते ते शिक्षण होऊ शकत नाही. म्हणून माझी पहिली अट अशी की काम करायचे तर ते सगळ्यांनी, आणि आपल्या घरचे नाही ते आधी. डॉक्टरांच्या मुलाने केळीच्या शेडमध्ये जावे, केळी उत्पादकाच्या मुलीने इलेक्ट्रिशियनबरोबर, गवंड्याच्या मुलाने बँकेत किंवा दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. दुसरी अट, या कामापायी गणिताचा आणि भाषेचा एक तासही कमी होता कामा नये. पुस्तक काढून घेऊन हातात फावडे देणारी योजना आली तर तिला विरोध करणाऱ्यांत मीही असेन.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे: आम्हाला पोराला नोकरीला लावायचे आहे. त्यांच्या काळजीचा मला आदर आहे, कारण कोरडवाहू घरात दरमहा येणाऱ्या पगाराची किंमत काय असते हे या तालुक्याला सांगावे लागत नाही. पण 2024 च्या राज्य पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे शंभर मुले. भरतीची तयारी करू नका असे कोणत्या तोंडाने सांगावे? मात्र उरलेल्या नव्याण्णवांचे काय, हा प्रश्न शाळेने आणि महाविद्यालयाने आपला मानला पाहिजे. पहाटे मैदानावर पळून दिवसभर अभ्यासिकेत बसणारी ही मुले कष्टाला कमी नाहीत. पाच वर्षांनी त्यांच्यातला एखादा घरी परततो तेव्हा त्याच्याजवळ सामान्यज्ञान भरपूर असते. घरच्या शेतीचे एका वर्षाचे जमाखर्चाचे पत्रक मात्र त्याने कधी मांडलेले नसते. व्याजासकट परतफेडीची रक्कम काढण्याचे गणितही ‘असर’च्या चाचणीत वजाबाकी येणाऱ्या मुलांपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच मुलांना सुटले होते. कर्ज मात्र त्यांतल्या बहुतेकांना काढावेच लागणार आहे.

विद्यापीठाच्या पातळीवर नव्या धोरणाने दार उघडले आहे. प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला आता श्रेयांक आहेत, आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकण्याची शिफारस 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच आहे. भीती एवढीच की ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का आणि सही आणून हे श्रेयांक जमा होतील. आपले सोलापूर विद्यापीठ 2004 साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. याच जिल्ह्यातले साखर कारखाने, डाळिंबाच्या आणि केळीच्या बागा, चादरीचे माग, पंढरीच्या वारीचे नियोजन ही त्याची प्रयोगशाळा होऊ शकते. विद्यार्थ्याने तिथे काय पाहिले, काय मोजले आणि कुठे चुकले, हे त्याला मराठीत चार पाने लिहायला लावावे आणि त्यावर त्याची तोंडी परीक्षा घ्यावी. शिक्क्यापेक्षा ती चार पाने तपासणे अवघड जाईल, पण खोटे शिक्षण तिथेच उघडे पडेल.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात ही भर कशाला, असे काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर शेजारच्या माढा तालुक्यातले आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ती कल्पना पुढे राज्याच्या पुस्तकांत आली, आणि 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेतल्या शिक्षकाला मोकळीक मिळाली तर काय होते हे आपल्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. पण दर गावाने असा एक शिक्षक मिळण्याची वाट पाहत बसू नये. शिकवणारे हात शाळेबाहेरही आहेत; त्यांना मानधन द्यायला हवे, बसायला खुर्ची द्यायला हवी आणि मुलांनी त्यांनाही सर म्हणायला हवे.

दुपारच्या सत्रात गटचर्चा आहेत. स्वागत समितीने प्रत्येक गटाच्या टेबलावर तालुक्याचा एक कोरा नकाशा ठेवला आहे. आपापल्या शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत कोणकोणते काम चालते, त्यात कोणत्या इयत्तेचा कोणता धडा आहे आणि तो शिकवू शकेल असे कोण आहे, एवढे त्यावर लिहून द्यावे अशी माझी विनंती आहे. जेवणाची व्यवस्था मंडपाच्या उजव्या बाजूला आहे.  अध्यक्ष महोदयांनी परिषदेच्या कामकाजाला सुरुवात करावी अशी विनंती करतो.